तेलाच्या थेंबामागे सात दिवस

पहिला दिवस, शुक्रवार : जिनिव्हा

स्टेशनवरच्या घड्याळाखाली उभी राहून मी माझं घड्याळ लावलं. साधं यांत्रिक घड्याळ, रोज सकाळी किल्ली द्यावी लागणारं. सेकंदकाटा १२ वर आला तशी गुंडी ओढून तो थांबवला आणि स्टेशनच्या मिनिटकाट्याने उडी मारली त्या क्षणी गुंडी आत दाबली. स्विस रेल्वेच्या घड्याळातला लाल सेकंदकाटा साधारण ५८.५ सेकंदांतच फेरी पुरी करतो आणि वर थांबून मध्यवर्ती घड्याळाच्या इशाऱ्याची वाट पाहतो. त्यामुळे सेकंद जुळवायचे तर भरवसा मिनिटकाट्याच्या उडीवर ठेवायचा, लाल काट्यावर नाही.

"सात दिवसांत किती चुकतंय ते वहीत लिही," बाबा म्हणाले. त्यांची उभी हयात लेथवर गेली. कुठलीही गोष्ट मोजून लिहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

दुपारी पाटेक फिलिप या घड्याळ कंपनीचं संग्रहालय. आत फोटो काढायला बंदी होती, आणि एका अर्थी ते बरंच झालं. नजर काचेवरून हलली नाही. जुन्या घड्याळांच्या मजल्यावर फ्यूझीवाली घड्याळं बघताना बाबा पहिल्यांदा थबकले. पूर्ण किल्ली दिलेली स्प्रिंग जोरात ओढते, उलगडत आली की मंदावते. त्यावर जुन्या कारागिरांनी शंकूच्या आकाराची चक्री, म्हणजेच फ्यूझी, बसवली आणि तिच्यावर सायकलच्या चेनसारखी, पण केसाएवढ्या कड्यांची साखळी गुंडाळली. जोर जास्त असताना साखळी शंकूच्या बारीक टोकावरून ओढते, जोर कमी झाल्यावर रुंद टोकावरून. ताकद बदलली तरी चाकांना मिळणारा पीळ तोच. "कोन पुली!" बाबा म्हणाले. लेथवर पट्टा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर सरकवतात, ते त्यांना आठवलं.

मग घड्याळजी ब्रेगे. जन्म नशातेलचा, १७४७ चा, कर्तृत्व पॅरिसमधलं. खिशातलं घड्याळ दिवसभर उभं राहतं, त्यामुळे गुरुत्वाकर्षण तोलचक्राला, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ मोजणाऱ्या चाकाला, कायम एकाच बाजूने त्रास देतं. ब्रेगेने अख्खं तोलचक्र एस्केपमेंटसह, म्हणजे स्प्रिंगचा जोर ठोक्याठोक्याने सोडणाऱ्या यंत्रणेसह, एका पिंजऱ्यात बसवलं आणि पिंजराच फिरवला. उभ्या स्थितीत एका बाजूला घड्याळ जेवढं पुढे जाईल, तेवढं दुसऱ्या बाजूला मागे येईल. याच तुर्बियाँचं पेटंट त्याला २६ जून १८०१ ला मिळालं.

कॅलिबर ८९ समोर गर्दी होती. कंपनीच्या १५० व्या वर्षी, १९८९ मध्ये पुरं झालेलं हे घड्याळ: ३३ करामती (नुसती वेळ दाखवण्यापलीकडची कामं), १,७२८ भाग. मीही बराच वेळ उभी होते. पण मला सांगायचंय ते वेगळंच. एवढ्या भागांच्या पोटात जे हृदय धडधडतं, त्यातली लिव्हर एस्केपमेंटची कल्पना थॉमस मज या इंग्रज कारागिराची, १७५० च्या दशकातली. करामती वाढवणं ही एक कला आहे. हृदय बदलणं ही दुसरी, आणि तिच्यामागेच मी इथवर आले.

हृदयाचं दुखणं तेलात आहे. ४ हर्ट्झचं मशीन (सेकंदाला चार झोके, दर झोक्याला दोन ठोके) तासाला २८,८०० ठोके देतं, दिवसाला ६,९१,२००. दर ठोक्याला एस्केपमेंटच्या चाकाचा, एस्केप व्हीलचा, दात पॅलेट नावाच्या खटक्याच्या माणकावरून घसरत जातो आणि तोलचक्राला ढकला देतो. घसरण आली की तेल आलं. तेल आलं की ते कधीतरी घट्ट होणार, पसरणार, सुकणार.

दुसरा दिवस, शनिवार : जू खोरं

सकाळी +६ सेकंद, म्हणजे घड्याळ सहा सेकंद पुढे. रात्री घड्याळ तबकडी वर करून टेबलावर ठेवलं होतं. स्विस क्रोनोमीटरच्या परीक्षेत मशीन १५ दिवस पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासतात, आणि दिवसाची सरासरी चूक -४ ते +६ च्या आत लागते. एका दिवसाच्या चाचणीवर माझं घड्याळ काठावर पास म्हणायला हवं.

लोझानहून गाडी डोंगर चढते आणि हजारेक मीटर उंचीवरचं जू खोरं उघडतं. सरोवर, कुरणं, देवदारांसारखी काळपट झाडी. इथल्या लांबलचक हिवाळ्यात शेतकरी खिडकीशी बसून घड्याळांचे भाग घडवत. ल सांतिये गावातल्या घड्याळांच्या संग्रहालयात तासभर गेला.

बाबांना मात्र याच गावच्या आंत्वान लकूल्त्रने धरून ठेवलं. १८३३ मध्ये त्याने इथे कारखाना काढला आणि १८४४ मध्ये मिलिओनोमीटर बनवलं, मायक्रॉन मोजणारं उपकरण. मिलिमीटरचा हजारावा भाग, तोही वीज नसलेल्या काळात, बर्फात गाडलेल्या गावात. बाबा बाकावर बसले. "आम्ही मायक्रोमीटरवर शंभराव्या भागापर्यंत जायचो," ते म्हणाले, "आणि त्या वेळी श्वास धरायचो." मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मला वाटतं, घड्याळातली प्रत्येक नवी कल्पना आधी कुणीतरी मोजता येईपर्यंत वाट बघत बसलेली असते. त्याच कारखान्याने १९२९ मध्ये कॅलिबर १०१ काढलं: सगळ्या भागांचं मिळून वजन साधारण एक ग्रॅम.

शेजारच्या ल सोलिया गावात, जुन्या शाळेच्या इमारतीत, घड्याळजी फिलिप द्युफूर काम करतात. आम्ही फक्त लांबून इमारत पाहिली. दार वाजवायचं धाडस झालं नाही आणि वाजवायचं कारणही नव्हतं. पण त्यांच्या १९९६ च्या ड्युअॅलिटीबद्दल मी बाबांना वाटेत सांगत राहिले. एकाच मनगटी घड्याळात दोन तोलचक्रं, मध्ये डिफरन्शियल. एक पुढे जायला बघतं, दुसरं मागे; काट्यांपर्यंत पोचते ती दोघांची सरासरी. अशी घड्याळं नऊच झाली. "गाडीच्या मागच्या अॅक्सलवर असतं तेच डिफरन्शियल?" तेच. "आणि ते मनगटावर?" हो, मनगटावर.

तिसरा दिवस, रविवार : नशातेल

+१३. तबकडी वर ठेवली की हे घड्याळ धावतं, हे आता पक्कं.

आजचा दिवस मी महिन्याचा पहिला रविवार बघूनच ठरवला होता. इथल्या कला आणि इतिहास संग्रहालयात त्या दिवशी झाके-द्रोंच्या बाहुल्या चालवून दाखवतात. पिएर झाके-द्रो, मुलगा आंरी-लुई आणि जाँ-फ्रेदरिक लेशो यांनी १७६८ ते १७७४ या काळात घडवलेली तिघं: लिहिणारा मुलगा, चित्र काढणारा मुलगा आणि वाद्य वाजवणारी बाई. लिहिणाऱ्याच्या पोटात सुमारे ६,००० भाग आहेत. तो पीस शाईत बुडवतो, झटकतो आणि लिहायला लागतो. डोळे अक्षरांमागे फिरतात. मजकूर बदलायची सोय त्याच्या आतच आहे, एकूण ४० खुणांपर्यंत.

पाठ उघडून आतली चळत दाखवली तेव्हा बाबा उठून उभे राहिले. एकावर एक रचलेले कॅम, उंचसखल कडेच्या चकत्या. त्यांनी आयुष्यभर ज्या कॅमवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक लेथवर काम केलं, त्यातली सरकत्या हेडस्टॉकची जात याच जुरा डोंगरांत वाढली, घड्याळांचे बारीक स्क्रू आणि अक्ष कातण्यासाठी. "हा मुलगा आमचाच पूर्वज की गं," ते म्हणाले, आणि मागच्या रांगेतल्या माणसाने खांद्याला हात लावेपर्यंत उभेच होते.

संध्याकाळी सरोवराच्या काठाने चालताना मी त्यांना या शहराची दुसरी गोष्ट सांगितली. क्वार्ट्झ मनगटी घड्याळाचा पहिला स्विस नमुना, बीटा १, इथल्याच संशोधन केंद्रात १९६७ मध्ये तयार झाला. नंतरच्या क्वार्ट्झच्या लाटेत स्विस घड्याळ उद्योगातली माणसं सुमारे ९०,००० वरून ३०,००० च्या आसपास आली. ते केंद्र १९८४ मध्ये सीएसईएम या नव्या संस्थेत सामील झालं. आणि याच सीएसईएमने पाटेक फिलिप, रोलेक्स आणि स्वॉच ग्रुप यांच्याबरोबर सिलिकॉनची हेअरस्प्रिंग, तोलचक्राला झुलवणारी बारीक स्प्रिंग, घडवली. ज्या घराण्याने यांत्रिक घड्याळाला जवळजवळ संपवलं, त्याच घराण्याने त्याला नवा प्राणवायू दिला. हे मला कितीदाही सांगायला आवडतं.

सिलिकॉन हलकं, कठीण, चुंबकाला न जुमानणारं. कॉम्प्युटरच्या चिपसाठी जशी चकती कोरतात तशीच चकती, तसंच प्लाझ्माने कोरणं. एका चकतीवर शेकडो भाग एकदम. पृष्ठभाग इतका गुळगुळीत की एस्केपमेंटला तेलाची गरजच उरत नाही. अडचण तापमानाची. गरम झालं की सिलिकॉनचा ताठपणा कमी होतो आणि घड्याळ मागे पडतं. त्यावरचा तोडगा मला फार देखणा वाटतो: स्प्रिंगवर सिलिकॉन ऑक्साइडचा पातळ थर चढू द्यायचा. ऑक्साइडचा स्वभाव उलटा, गरम झाल्यावर ते जास्त ताठ होतं. थराची जाडी नेमकी साधली की दोघांच्या खोडी एकमेकींत विरतात.

बाबा ऐकत होते. "लेथ नाही, मिलिंग नाही, कानस नाही. मग यात हात कुठे?"

मी म्हटलं, आकार ठरवण्यात. स्टीलच्या स्प्रिंगला शेवटची गोलाई चिमट्याने द्यावी लागते, इथे ती आधीच कोरलेली असते, कुठे जाड कुठे बारीक ठेवायचं तेही.

"आणि बिघडली तर?"

इथे मला हरकत घेता आली नाही. सिलिकॉन काचेसारखं तडकतं. वाकडी झालेली स्टीलची स्प्रिंग कसबी माणूस चिमट्याने सरळ करतो. तुटलेली सिलिकॉनची बदलावीच लागते, आणि ती बनवणाऱ्याने दिली तरच मिळते. घड्याळ ५० वर्षांनी कुणाच्या टेबलावर उघडलं जाईल, त्या माणसाचा विचार यात कमी आहे, असं माझंही मत आहे.

चौथा दिवस, सोमवार : फ्लरिये

+११. रात्री घड्याळ गुंडी वर करून उभं ठेवलं आणि ते दोन सेकंद मागे आलं.

सोमवारी संग्रहालयं बहुतेक बंद, म्हणून त्राव्हेर खोऱ्यातल्या फ्लरियेला. बघण्यासारखं फारसं नाही, पण शार्ल एदुआर गियोम इथे १८६१ मध्ये जन्मला. साध्या स्टीलची हेअरस्प्रिंग असेल तर तापमान एका अंशाने वाढलं तरी घड्याळ दिवसाला दहा-अकरा सेकंद मागे पडतं. गियोमने लोखंड आणि निकेलची मिश्रणं पारखत १८९६ मध्ये इन्व्हार शोधलं, जे तापलं तरी जवळजवळ वाढत नाही. पुढे एलिन्व्हार, ज्याचा ताठपणा बदलत नाही. १९२० चं पदार्थविज्ञानाचं नोबेल त्याला निकेल-स्टीलच्या मिश्रधातूंवरच्या कामासाठी मिळालं. काल सांगितलेला ऑक्साइडचा थर हा याच विचाराचा पणतू.

याच गावच्या पार्मिजियानी या घड्याळ कंपनीने २०१६ मध्ये सेनफिने नावाची संकल्पना दाखवली. मूळ कल्पना पिएर जनकाँ या सीएसईएममधल्या पदार्थवैज्ञानिकाची: तोलचक्राला अक्ष आणि माणकाची भोकं देण्याऐवजी पातळ सिलिकॉनच्या लवचीक पात्यांवर झुलवायचं. बाबांनी दोनदा विचारलं, "बेअरिंगच नाही?" नाही. थंडी वाजायला लागली तशी परतीची गाडी पकडली.

पाचवा दिवस, मंगळवार : ला शो-द-फाँ

+८.

नशातेलहून वर जाणारी गाडी शांब्रेलियँला थांबते आणि निघते ती उलट्या दिशेने. डोंगर इतका उभा की मार्ग तिथे मागे वळवूनच चढवलाय. बाबा दचकले, मग खिडकीतून वाकून रूळ बघत बसले.

त्या गाडीत मी तिकिटाचा कागद अंगठा आणि मधल्या बोटात धरून हळूच दाबला. कागद एका बाजूला फुगला. मधोमध बोटाने रेटत गेले तर आधी काहीच होत नाही, आणि एका क्षणी टप् करून तो दुसऱ्या बाजूला उलटतो. निकोला देओं हा घड्याळ अभियंता गाडीची वाट बघत असाच तिकिटाशी चाळा करत होता म्हणतात. त्यातून जी कल्पना सुचली तिचं घड्याळ जिरार-पेरेगो कंपनीने २०१३ मध्ये आणलं: कॉन्स्टंट एस्केपमेंट. केसापेक्षा कितीतरी बारीक सिलिकॉनचं पातं, थोडं दाबून चौकटीत बसवलेलं. मुख्य स्प्रिंगचा जोर ते पातं फक्त उलटण्याच्या काठावर आणतो. पुढची उडी पात्याची स्वतःची, दर वेळी तेवढ्याच ताकदीची. स्प्रिंग भरलेली असो की उतरत आलेली, तोलचक्राला मिळणारा ढकला सारखाच. पहिल्या दिवशीचं फ्यूझीचं काम आता साखळी नसलेलं एक पातं करतंय. बाबांनी तिकीट माझ्या हातातून घेतलं आणि शहर येईपर्यंत टप् टप् करत राहिले. तिकीट तपासनीस आला तेव्हा ते पार चुरगळलेलं होतं. त्याने हसून पाहिलं आणि पुढे गेला.

ला शो-द-फाँ १७९४ च्या आगीत जळालं आणि नंतर सरळ रेषांच्या चौकटीत वसलं. लांब समांतर रस्ते, घरांना भरपूर खिडक्या; कारागिराच्या टेबलावर उजेड पडावा म्हणून. शेजारच्या ल लोक्लसह २००९ मध्ये हे जागतिक वारसा झालं. आंतरराष्ट्रीय घड्याळ संग्रहालय इथे १९७४ पासून जमिनीखाली आहे. उतार उतरून गेलं की एका काचेमागे दुरुस्तीची कार्यशाळा दिसते. भिंग डोळ्याला लावून बसलेल्या एका माणसाने अर्ध्या तासात एकच स्क्रू काढला, आणि आम्ही दोघं ते पूर्ण बघितलं.

या संग्रहालयाची धुरा अनेक वर्षं लुडविग अॉक्सलिन यांच्याकडे होती. उलिस नार्दँ कंपनीचं फ्रीक हे घड्याळ त्यांनीच घडवलं, २००१ मध्ये. फ्रीकला नेहमीचे काटे नाहीत, गुंडी नाही. मशीनच तबकडीवर फिरून वेळ दाखवतं. वेळ लावायची बाहेरची कडी फिरवून, किल्ली द्यायची पाठ फिरवून. मला त्याहून मोठी वाटते ती आतली गोष्ट: एस्केपमेंटमध्ये सिलिकॉनची चाकं घातलेलं पहिलं घड्याळ हेच. एका जुन्या घड्याळांच्या अभ्यासकाने सगळ्यात नवा पदार्थ आधी वापरला, यात मला नवल वाटत नाही. जुनं किती वेळा, कुठे अडलंय हे त्यांना पाठ होतं.

बागेत पोलादी नळ्यांचा मोठा वाद्यसंच उभा आहे, दर पाव तासाला वाजणारा. आम्ही तीन वेळा थांबलो.

सहावा दिवस, बुधवार : ल लोक्ल

+७.

डॅनियल जाँरिशारच्या पुतळ्यापाशी सुरुवात. जुरातल्या घड्याळांची कहाणी इथली माणसं याच लोहारापासून सांगतात. दुपारी शातो दे माँमधलं घड्याळ संग्रहालय, टेकडीवरचा सुंदर वाडा. पण खरं सांगायचं तर माझं लक्ष खालच्या झेनिथ या घड्याळ कंपनीच्या इमारतींकडे होतं. आत जायचा योग नव्हता. रस्त्यावरूनच पोटमाळ्याच्या खिडक्या मोजल्या.

१९६९ मध्ये इथे एल प्रिमेरो जन्मलं, तासाला ३६,००० ठोक्यांचं स्वयंचलित क्रोनोग्राफ, सेकंदाचा दहावा भाग मोजू शकणारं. त्या वेगाला एस्केप व्हीलवरचं तेल उडून जाई, म्हणून मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं कोरडं वंगण वापरलं. मग क्वार्ट्झ आलं आणि १९७० च्या दशकाच्या मध्यावर मालकांनी यांत्रिक मशीन बंद करून सामान मोडीत काढायचं ठरवलं. कार्यशाळेतल्या शार्ल व्हेर्मोने ऐकलं नाही. कॅम, कटर, साचे असं सगळं त्याने खुणा करून, वहीत नोंदून, गुपचूप पोटमाळ्यावर चढवलं आणि लपवलं. १९८० च्या दशकात मशीन पुन्हा बनवायची वेळ आली तेव्हा ते तिथेच होतं, वहीसकट.

बाबांनी टोपी काढली. "साचे मोडीत गेले की मशीन मेलं समज," ते म्हणाले. "ड्रॉइंग असून उपयोग नाही."

याच कंपनीने २०१७ मध्ये डेफी लॅब आणलं. तोलचक्र, हेअरस्प्रिंग, पॅलेट वगैरे तीसेक भागांच्या जागी सिलिकॉनचा एकच तुकडा, अर्धा मिलिमीटर जाड. १५ हर्ट्झने झुलतो, जेमतेम सहा अंश इकडे, सहा अंश तिकडे. त्याला अक्ष नाही, घर्षण नाही, म्हणून तेल नाही. ह्युजेन्सने १६७५ मध्ये घड्याळाला चक्राकार स्प्रिंग दिली, तेव्हापासून तोलचक्र आणि स्प्रिंग ही जोडी चालत आली. इथे ती एका अंगात मिसळली. अशी फक्त १० घड्याळं झाली. पुढे या वाटेवर किती जण चालतील ते चालोत, पण जवळजवळ साडेतीनशे वर्षांची जोडी मोडून दुसरं काही टिकटिकू शकतं, हे मनगटावर सिद्ध झालं. बाबांनी वहीच्या मागच्या पानावर त्याचं चित्र काढायला घेतलं आणि पात्यांपाशी अडले. मग मला काढायला लावलं. माझंही चुकलं.

सातवा दिवस, गुरुवार : बिएल

+४. चार रात्री गुंडी वर ठेवून नऊ सेकंद परत मिळवले.

ओमेगाचं संग्रहालय शिगेरू बान यांनी लाकडात बांधलेल्या इमारतीत आहे. मला इथे भेटायचं होतं ते जॉर्ज डॅनियल्सच्या कामाला. आइल ऑफ मॅनवर एकट्याने, हाताने अख्खी घड्याळं घडवणारा माणूस. १९७० च्या दशकात त्याने को-अॅक्सियल एस्केपमेंट शोधली. घसरत ढकला देण्याऐवजी दात माणकाला सरळ रेटतो, गिअरचे दात एकमेकांना रेटतात तसा. घर्षणच घटलं, मग तेलावरची मदारही घटली. कारखान्यांना ती पटायला वर्षं लागली. ओमेगाने १९९९ मध्ये ती घड्याळात आणली. सिलिकॉन नाही, प्लाझ्मा नाही, फक्त भूमिती. सगळ्या प्रवासात बाबांना सर्वांत पटलेली गोष्ट हीच. "हे मी कातू शकलो असतो," ते हळूच म्हणाले. दात, कोन, माणकांच्या जागा त्यांनी वहीत उतरवून घेतल्या. या वेळी कुठे अडले नाहीत.

त्याच कंपनीने २०१३ मध्ये १५,००० गाउसचं चुंबकीय क्षेत्र सोसणारं मशीन दाखवलं. आधीची चुंबकरोधी घड्याळं मशीनभोवती मऊ लोखंडाचं कवच घालत. इथे मशीनचे भागच चुंबकाला न ओळखणारे, त्यामुळे पाठीला काच लावून आत बघताही येतं.

संध्याकाळी स्टेशनवर पुन्हा मिनिटकाट्याच्या उडीची वाट बघत उभे राहिलो. अजून +४ च. बाबांनी आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि घड्याळ माझ्या हातून घेऊन कानाला लावलं.

"तेल किती वर्षांपूर्वी घातलंय याला?"

"सहा."

"मग घरी गेल्यावर उघडू. तू भिंग धर, मी चिमटा धरतो."

गाडी आली. रात्री घड्याळ कसं ठेवायचं यावर डब्यात बराच खल झाला. शेवटी गुंडी वरच ठेवली.